भाव वाढलेत की मालच नाहीये? दोन्ही वेळांना घरचा किराणा कसा सांभाळायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. महागाई म्हणजे माल दुकानात आहे पण खिशाला झेपत नाहीये, आणि टंचाई म्हणजे खिशात पैसे आहेत पण रॅक रिकामी आहे. बोलताना आपण दोन्ही एकत्रच बोलतो पण उपाय जवळपास उलटे आहेत. महागाईत कमी घ्यायचं, बदलून घ्यायचं, थांबायचं. टंचाईसाठी मात्र भाव शांत असतानाच थोडं जास्त घेऊन ठेवलेलं असावं लागतं. आणि लोक करतात काय, तर भाव चढायला लागले की आता माल मिळणारच नाही या धास्तीने त्याच चढ्या भावात पोतं उचलून आणतात, म्हणजे महागाईवर टंचाईचा उपाय, आणि तोही उशिरा.

हे फक्त घरात होतं असं नाही, देशांच्या पातळीवरही होतं. 2007-08 मध्ये तांदळाचं हेच झालं. जगात तांदळाचं पीक काही बुडालं नव्हतं, पण गहू, मका, तेल आधीच महाग झालेलं, त्यात भारत आणि व्हिएतनामसारख्या निर्यातदार देशांनी निर्यातीवर बंधनं घातली, मग आयात करणारे देश घाबरले आणि मिळेल त्या भावात उचल करत सुटले, आणि आंतरराष्ट्रीय बाजारात भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला. 2008 च्याच उत्तरार्धात तो उतरलाही. ज्यांनी शिखरावर खरेदी केली त्यांनी घाबरण्याची किंमत मोजली, तांदळाची नाही.

आता कामाचं बोलू.

पहिलं काम: घरात काय आहे ते बघा

दुकानात जायच्या आधी सगळी कपाटं, डबे, फ्रीज, फ्रीझर उघडा आणि जे आहे ते कागदावर उतरवा. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवता येतो आणि घरातल्या सगळ्यांना दिसतो म्हणून मला तो बरा वाटतो. प्रत्येक गोष्टीपुढे अंदाजे किती आहे आणि तुमच्या घरात ती किती दिवस पुरते एवढंच लिहा. बहुतेक घरांत एक गंमत दिसते, तीन अर्धवट डाळींची पाकिटं, दोन उघडे सॉस, तळाशी विसरलेलं पीठ, आणि रोज लागणारं तेल मात्र संपत आलेलं. म्हणजे साठा आहे पण चुकीच्या गोष्टींचा.

आणि हो, ह्याच वेळी वाया काय जातं तेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात 2022 या वर्षाचा जगाचा आकडा आहे, सुमारे 105 कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून वाया गेलं आणि त्यातलं जवळपास 60 टक्के घरांमधलं होतं. म्हणजे डिस्काउंट शोधत फिरण्याआधी कचऱ्याच्या डब्यात डोकावा. एक आठवडा फक्त लिहून ठेवा काय टाकलं आणि का टाकलं: जास्त शिजवलं, विसरलं, सडलं, कुणाला आवडलं नाही. चारही कारणांची औषधं वेगवेगळी आहेत त्यामुळे कारण लिहिणं महत्त्वाचं.

दुसरं काम: भावाची वही

ज्याच्याकडे जुने भाव लिहिलेले नाहीत त्याला सेल म्हणजे काय ते कधीच कळत नाही. घरात सतत लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तू निवडा, बाकीच्या सोडून द्या. प्रत्येकीला वहीचं एक पान. पानावर तारीख, दुकान, वजन, किंमत आणि शेवटच्या रकान्यात 100 ग्रॅमला किंवा 100 मिलीला किती पडलं. हा शेवटचा रकानाच खरा, बाकीचे त्याच्यासाठी आहेत.

उदाहरण घ्या. 500 ग्रॅमचं पाकीट 60 ला आणि 800 ग्रॅमचं फॅमिली पॅक 104 ला. डोळ्यांना मोठं पाकीट स्वस्त वाटतं, वर 'सेव्हर' असं काहीतरी लिहिलेलंही असतं. हिशोब केला की लहान पाकीट 100 ग्रॅमला 12 आणि मोठं 13. मोठं म्हणजे स्वस्त हे बऱ्याचदा खरं असतं पण नेहमी नाही, आणि हे माहीत असल्यामुळेच कंपन्या तसं पाकीट काढतात. दुसरी चलाखी वजनाची. किंमत तीच, पाकीट दिसायला तेच, पण आत 500 च्या जागी 450 ग्रॅम. ही 10 टक्के वाढ वाटते, प्रत्यक्षात 11 टक्क्यांच्या वर पडते, कारण आता तुम्ही तेवढ्याच पैशात 450 घेताय. वजनाची ओळ बहुतेक वेळा पाकिटावर सगळ्यात बारीक अक्षरात असते, तीच आधी वाचायची.

डबाबंद कडधान्य किंवा मासे घेत असाल तर एकूण वजन बघू नका, पाणी काढून उरणारं वजन बघा. तो आकडा लेबलवर वेगळा दिलेला असतो.

तिसरं काम: किलोचा भाव विसरा, पोटाचा भाव काढा

हा भाग थोडा जास्त वेळ देऊन वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात.

एक किलो बटाटे आणि एक किलो तांदूळ यांचा भाव समोरासमोर ठेवून काही उपयोग नाही. कच्च्या बटाट्यात 100 ग्रॅमला साधारण 75-80 कॅलरी, कोरड्या तांदळात साधारण 360. बाकीचं बटाट्यात पाणी आहे. म्हणजे बटाटा किलोमागे निम्म्या भावात मिळाला तरी निव्वळ पोट भरायच्या हिशोबाने तो तांदळापेक्षा महाग आहे. म्हणून बटाटा खाऊ नका असं अजिबात नाही, त्यात तांदळात नसलेलं क जीवनसत्त्व आहे, पण 'बटाटे स्वस्त आहेत तर त्यावरच भागवू' हे गणित दरवेळी बसत नाही.

प्रोटीनचंही तसंच. कोरड्या डाळी-कडधान्यात 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन, सोयाबीनमध्ये 36 च्या आसपास, एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, दुधात 100 मिलीला 3 ग्रॅमच्या थोडं वर. तुमच्याकडचे आजचे भाव ह्या आकड्यांनी भागा, 10 ग्रॅम प्रोटीन कशातून कितीला पडतं ते काढा आणि दाराच्या त्या कागदावर स्वस्त पडणारं वर, महाग खाली असं लिहून ठेवा. भाव बदलले की क्रम बदलतो, आज अंडी वर असतील तर पुढच्या महिन्यात डाळ. बहुतेक वेळा कोरडं कडधान्य वरच असतं आणि मांस, चीज खाली. धान्य आणि डाळ दिवसभरात दोन्ही खाल्लं की प्रोटीनची बाजू सांभाळली जाते, कारण धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी असतो तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. एकाच ताटात, एकाच घासात पाहिजे असा काही नियम नाही.

भाज्यांमध्ये ताजं म्हणजेच चांगलं हा हट्ट सोडा. फ्रोझन मटार, फ्रोझन पालक तोडल्यावर लगेच गोठवलेले असतात, पोषणाला काही कमी नसतात आणि सडत नाहीत. ताज्यामध्ये कोबी, गाजर, भोपळा ह्या टिकणाऱ्या, त्या आधी घ्या. पालेभाजी घेतली तर दोन दिवसांत संपवायची हे ठरवूनच घ्या.

चौथं काम: मेनू आधी, यादी नंतर

उलट करणारे जास्त, आधी यादी मग घरी येऊन आता काय करू. घरात जे आहे आणि आधी खराब होणार आहे त्यावरून चार-पाच दिवसांचं जेवण ठरवा, आठवड्याचे सगळे दिवस भरायच्या फंदात पडू नका, दोन दिवस उरलंसुरलं संपवायला मोकळे ठेवा. मग कमी पडतं तेवढंच यादीत. दुकानात उपाशीपोटी जाऊ नका हा सल्ला जुना आहे पण खरा आहे. लहान मुलांना नेऊ नका हेही लिहिणार होतो, पण ते प्रत्येकाला जमत नाही.

पाचवं काम: साठा, पण किती आणि कसला

दोन आठवड्यांचा साठा घरात असला की छोटी-मोठी टंचाई अंगावर येत नाही. तुमच्या घराचा आकडा तुम्हीच काढा, फक्त सुरुवातीला आधार म्हणून मदतकार्यात वापरतात तो हिशोब घेता येईल. आणीबाणीत रेशन ठरवताना माणशी रोजच्या 2100 कॅलरी धरतात आणि नमुना म्हणून साधारण 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ-कडधान्य, 25 ग्रॅम तेल, 5 ग्रॅम मीठ असं प्रमाण येतं. चार मोठ्या माणसांना 14 दिवस म्हणजे धान्य 22 किलो 400 ग्रॅम, डाळी साडेतीन किलोच्या आत, तेल साधारण दीड लिटर, मीठ 280 ग्रॅम. एवढ्यात 1800 च्या आसपास कॅलरी होतात, उरलेल्या साखर, शेंगदाणे, दूध पावडर, भाज्या ह्यातून. आकडा ऐकायला मोठा वाटतो, प्रत्यक्षात एका कपाटाचा खालचा कप्पा. त्यातलं बरंचसं तुमच्याकडे आत्ताही असेल.

पाणी विसरू नका, वादळ-पूर अशा वेळी किराण्याच्या आधी पाणी जातं. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज निदान 3 लिटर धरा.

हे सगळं एकदम आणायचं नाही. भाव शांत असताना दर फेरीला एखादीच टिकाऊ वस्तू दुप्पट घ्यायची, ह्या वेळी तेल, पुढच्या वेळी डाळ. हप्त्यावर किंवा उसने पैसे काढून साठा कधीच करू नका, व्याज सगळी बचत खाऊन टाकतं. आणि जे घरात एरवी कुणी खात नाही ते साठ्यातही नको. स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं अनोळखी कडधान्य दोन वर्षांनी कचऱ्यातच जातं. नवीन आलेलं मागे, जुनं पुढे, डब्यावर मार्करने महिना आणि वर्ष. ह्यात काहीही ग्लॅमर नाही पण साठा टिकतो तो ह्याच एका सवयीवर.

ज्यांना शक्य आहे त्यांनी शेजारी किंवा नातेवाईक मिळून एक मोठं पोतं घ्या आणि त्याच दिवशी काट्यावर वजन करून वाटून टाका. नंतर बघू म्हटलं की भांडण ठरलेलं.

सहावं काम: साठवलेलं टिकवणं

साठ्याचे शत्रू चार: ओल, ऊब, उजेड आणि कीड. ह्यातली ओल सगळ्यात वाईट कारण तिच्या मागोमाग बुरशी येते.

सुटं धान्य घेतलंत तर डब्यात भरायच्या आधी मिठाची परीक्षा करा. काचेची पूर्ण कोरडी बाटली घ्या, पाव भाग धान्य घाला, वर दोन चमचे अगदी कोरडं बारीक मीठ, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ खाली सुटं पडून राहिलं तर धान्य ठीक. काचेला आतून मिठाचे कण चिकटून पांढरट थर दिसला तर धान्यात ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, ते तसंच भरू नका, पातळ पसरून वाळवा आणि पुन्हा बघा. दाताखाली दाणा 'कट्ट' आवाज करून तुटला पाहिजे, दबला तर ओला.

सोंडे, पोरकिडे नुसते बाहेरून येत नाहीत, धान्यात अंडी आधीच असू शकतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर धान्य, पीठ, डाळ घट्ट बंद पिशवीत भरून उणे 18 अंशांवर निदान चार दिवस ठेवा, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, बाहेरचं दव पुसायचं आणि मगच डब्यात. लगेच उघडली तर हवेतला ओलावा थंड दाण्यांवर बसतो आणि आपणच ओल आत घालतो.

काय किती टिकतं? पांढरा तांदूळ नीट ठेवला तर वर्षानुवर्षं, पण ब्राऊन राईस सहा महिन्यांच्या आसपास, कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. त्याच कारणाने अख्खा गहू खूप टिकतो आणि त्याचं पीठ काही महिन्यांतच वास मारतं. म्हणून साठा करायचा तर अख्ख्या दाण्याचा, दळायची सोय असेल तर. तेल अंधारात आणि थंड जागी, गॅसशेजारच्या कट्ट्यावर नाही. मीठ, साखर कोरडी राहिली तर खराब होतच नाहीत. जुनं कडधान्य शिजायला हट्टी होतं, रात्रभर भिजवून पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की नरम पडतं.

बटाटे अंधारात, हवेशीर, आणि कांद्यापासून लांब, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. हिरवा पडलेला, कडवट लागणारा बटाटा खाऊ नका, त्यातलं विष शिजवून जात नाही. आणि बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा धान्य निवडून-धुऊन खायची काटकसर अजिबात करू नका, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळूनही जात नाही आणि ते लिव्हरवर जातं.

तारखांचा गोंधळ बऱ्याच घरांत चांगलं अन्न कचऱ्यात घालतो. 'बेस्ट बिफोर' म्हणजे ह्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम, त्यानंतर बघून, वास घेऊन ठरवा. 'यूज बाय' म्हणजे सुरक्षिततेची तारीख, मांस, मासे, काही दुग्धपदार्थांवर असते, ती पाळायची. फुगलेला किंवा गळणारा डबा कुठलीही तारीख असली तरी टाका, चाखून बघायचा नाही.

सातवं काम: स्वयंपाकातली बचत

इंधनही किराण्याच्याच बजेटमधून जातं. कडधान्य भिजवलं, झाकण ठेवलं, प्रेशर कुकर वापरला तर गॅस-वीज दोन्ही वाचतं. राजम्याबाबत एक इशारा: लाल राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं, जमल्यास अर्धा तास, खदखदून उकळा. नुसत्या मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये शिजवला तर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रोटीन नष्ट होत नाही आणि उलट्या लागतात.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, खोल पातेल्यात नाही तर पसरट भांड्यात, म्हणजे पटकन गार होतं. फ्रीज 4 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. भाताला जास्त जपा, बाहेर राहिलेल्या भातातला जिवाणू जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करून जात नाही. बाकी गोष्टी तीन-चार दिवसांत संपवा आणि गरम करताना वाफ येईपर्यंत गरम करा.

आठवं काम: रॅक खरंच रिकामी झाली तर

आधी बघा, रिकामं काय आहे, वस्तू की पाकीट. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमधल्या दुकानांतून पीठ गायब झालं, पण गिरण्यांत पीठ होतं. बेकऱ्यांना जाणाऱ्या मोठ्या पोत्यांची लाईन चालू होती, घरगुती छोटी पाकिटं भरायची क्षमता अचानक वाढलेल्या मागणीला पुरत नव्हती. म्हणजे अशा वेळी दुकानाच्या त्याच रॅकसमोर रोज जाऊन उभं राहण्यापेक्षा बेकरीत, हॉटेलांना माल देणाऱ्या होलसेलवाल्याकडे विचारा, मोठं पोतं मिळालं तर वाटून घ्या.

मग बदली वस्तू. पदार्थाचं नाव सोडा, ती वस्तू त्या पदार्थात काय काम करते ते बघा. अंडं बांधायला लागतंय का? मग एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून चालते. दूध नसेल तर पावडर. गहू नसेल तर दुसरं धान्य, मका, तांदूळ, ओट्स, जे असेल ते, थोडं चिवट किंवा थोडं ठिसूळ होईल, पोट भरेल.

जे बदलता येत नाही त्याचा साठा आधी करा: तान्ह्या बाळाचं फॉर्म्युला, ग्लूटेन चालत नाही अशांचं धान्य, कुणाचा खास आहार. फॉर्म्युला पुरवायला म्हणून जास्त पाणी घालून पातळ करणं धोक्याचं आहे, घरगुती रेसिपीने बनवणंही. मिळत नसेल तर दुसऱ्या ब्रँडबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि गरजेपुरतंच उचला. दुकानदाराने माणशी दोनची मर्यादा लावली असेल तर ती चार जण पाठवून मोडण्यात काही शहाणपणा नाही, रॅक रिकामी दिसली की मागचे अजून घाबरतात आणि पुढच्या आठवड्यात तुम्हालाच मिळत नाही.

घरात खरंच कमी पडायला लागलं तर मोठी माणसं गुपचूप आपलं जेवण कमी करतात, हे सगळीकडे होतं. गरोदर बाई, स्तनपान करणारी आई, आजारी माणूस यांचं ताट त्यात येता कामा नये. सरकारी रेशन, शाळेतलं जेवण, फूड बँक, सामुदायिक स्वयंपाकघर जे तुमच्याकडे असेल त्याची चौकशी डबे तळाला लागायच्या आधी करा, कागदपत्रांना वेळ जातो. लाज वाटते हे मान्य, पण भाड्याचे किंवा औषधाचे पैसे किराण्यात घालून महिनाअखेरीला दोन्हीकडून अडकण्यापेक्षा हे बरं.

नंतर माल परत यायला लागला की साठा लगेच त्याच दिवशी भरून काढू नका. पहिल्या मालाचा भाव बहुतेक वेळा चढाच असतो. वही उघडा, टंचाईच्या आधीच्या भावाच्या जवळ ती वस्तू येईपर्यंत रोजच्या गरजेपुरतं घ्या, आणि मग पूर्वीसारखंच, दर फेरीला एकेक वस्तू दुप्पट.